पानाचा उपवास



२०२३ ची आषाढी २९ जूनला होती आणि पाऊस लांबलेला. पुण्याहून सासवडकडे निघालो तो दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा. दिवे घाटाची चढण, वर ऊन, पोटात उपवास. आमच्या दिंडीतल्या आक्कांच्या डोक्यावर तुळस होती. घाटमाथ्यावर त्यांनी ती खाली उतरवली आणि त्यांचे डोळेच भरून आले. पानांनी माना टाकल्या होत्या.

"गुरुजी, सकाळी पाणी घातलं होतं हो. माझं काय चुकलं?"

मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. म्हटलं, "आक्का, पानाला अगदी बारीक तोंडं असतात. त्या तोंडांनी ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, आणि तिथूनच अंगातलं पाणी वाफ होऊन जातं. ऊन, कोरडा वारा फार झाला, मुळांचं पाणी पुरेना, की पान तोंड मिटतं. पाणी वाचतं, पण जेवण थांबतं."

"म्हणजे तिलाही आज एकादशीच!"

हसू आले, पण पुढे वाटभर तेच मनात घोळत राहिले. आपली एकादशी द्वादशीला सुटते. रानातल्या झाडाची सुटते ती पाऊस आला तरच. त्यात उपवासातही झाडाचा श्वास चालूच. साठवलेली साखर जळते, कार्बन परत हवेत जातो, आणि रात्र जितकी उकाड्याची तितका हा खर्च जास्त. वाळलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कार्बनचे असते, तोही मातीतला नव्हे, हवेतून घेतलेला. माणसाने सोडलेल्या कार्बनपैकी साधारण पाव हिस्सा किंवा थोडा अधिक जमिनीवरची झाडे आणि माती पोटात घेतात. त्या २०२३ सालात हा हिस्सा फार घटला, असे शास्त्रज्ञांनी नंतर मोजले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात दुष्काळ होता, कॅनडात वणवे. आपल्या देशातही त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत मीच कितीदा सांगितले होते, झाडे लावा, धुराचे ती बघून घेतील. झाडांच्याच तोंडचे पाणी पळाले तर काय, हे एकदाही बोललो नव्हतो.

सासवडच्या मुक्कामी पहाटे पाहिले, तुळस सावरली होती. पुढच्या वाटेवर ऊन चढले की आक्का तिच्याभोवती ओले फडके गुंडाळत. फडके सुकले की आपल्या बाटलीतले पाणी त्यावर शिंपडत, आणि मग प्यायला माझ्याकडे मागत.