पहिला पाठ कोणता?

बारावीचा निकाल लागला आणि आम्हां दोघां मावसभावांच्या घरी एकच प्रश्न उभा राहिला. एकाचे घर पेडण्यास, दुसऱ्याचे डिचोलीस. संगणकशास्त्र शिकावयाचे, हे दोघांचेही ठरलेले. परंतु महाविद्यालयात पहिल्याने कोणता विषय घ्यावा, हे कोणासच सांगता येईना. वेब पाने बनविण्याचा विषय आम्हांस मोहवीत होता, कारण त्यात केलेले काम लगेच डोळ्यांना दिसते. प्रोग्रामिंगची मूलतत्त्वे हे नाव त्यामानाने रुक्षच!

डिचोलीच्या घरचे वडील खनिजाचा ट्रक चालवीत. २०१२ साली खाणी थांबल्या आणि ट्रक अंगणात उभा राहिला. त्याच्या चाकांभोवती गवत माजलेले आम्ही लहानपणी पाहिले आहे. त्यांनी एवढेच विचारले, "जे शिकाल, ते दहा वर्षांनी चालेल काय?"

उत्तर सुचेना, म्हणून आम्ही शाळेतील गणिताच्या सरांकडे गेलो. त्यांनी कपाटातून मराठी शब्दकोश काढला. "समजा, याची १०२४ पाने आहेत. मधोमध उघडा. शब्द अलीकडे की पलीकडे, ते पाहा. निम्मा कोश बाद झाला. असे दहा वेळा केले की एकच पान उरते. मात्र शब्द अनुक्रमाने लावलेले हवेत." डेनिस रिची यांची सी भाषा १९७२ च्या सुमारास घडली, पायथन १९९१ साली प्रसिद्ध झाली, निम्मे करण्याची ही रीत दोहोंतही तीच, असे ते म्हणाले.

आम्ही मराठी माध्यमाचे. इंग्रजी ग्रंथ झेपतील का, ही भीतीही बोलून दाखविली. सरांनी सांत्वन केले नाही. "रोज दोन पाने कोश घेऊन वाचा," म्हणाले. (त्या दोन पानांना प्रारंभी दोन तास लागत, हे येथे कबूल केलेले बरे.)

रात्री डिचोलीस वडिलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी ट्रकच्या खेपांची जुनी वही पुढे केली. शंभर पाने, प्रत्येक पानावर तारीख. "मकरसंक्रांतीची खेप काढा पाहू." आम्ही वही मधोमध उघडली, पुन्हा निम्मी केली, सहाव्या वेळी पान सापडले. वडील त्या पानावरील आपल्या अक्षराकडे बराच वेळ पाहत राहिले, काही बोलले नाहीत.

मूलतत्त्वांचा विषय आम्ही दोघांनीही घेतला. शुल्काचे पैसे सकाळी त्याच वहीत ठेवलेले मिळाले.