विहिरीची साक्ष

मराठी माणसाच्या कानी बिदरचे नाव प्रथम पडते ते दामाजीपंतांच्या आख्यानातून. दुष्काळात कोठारे लुटविणाऱ्या आपल्या भक्तासाठी विठ्ठल स्वतः बादशहाच्या दरबारी गेला, धान्याचे पैसे त्याने मोजून दिले आणि पावती घेऊनच तो परतला. देवालाही पुरावा लागला, ही या कथेतील गोष्ट मला नेहमी मोठी मार्मिक वाटत आली आहे. आज त्याच बिदरच्या परिसरात पुरावा मागितला जात आहे तो पाण्याचा.

बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. कोकणातील व गोव्यातील वाचकांना जांभा काय ते सांगावयास नको. सच्छिद्र, तांबडा, पाऊस पिऊन टाकणारा हा दगड येथे काळ्या पाषाणाच्या थरावर टोपीसारखा बसला आहे. पावसाचे पाणी जांभ्यातून खाली झिरपते, तळच्या चिकट मातीशी अडते आणि आडवे वाहू लागते. पठाराच्या कडेला ते झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. नानक झिरा व नरसिंह झरणी ही तीर्थे या झिरपणाऱ्या पाण्याचीच देणगी होत. पंधराव्या शतकात बहामनी काळातील कारागिरांनी हे मर्म ओळखले आणि नौबाद येथे भूमीच्या पोटातून कारेझ, म्हणजे सुरंग बावी, खोदली. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी उभे कूप आहेत. त्यांतील एकाशी उभे राहून खाली डोकावले असता भूजल ही कल्पना राहत नाही, प्रत्यक्ष गोष्ट होते.

याच जिल्ह्यात बिदरजवळ कोळार येथे आणि पलीकडे हुमनाबादला औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत रसायनांचे व औषधांचे कारखाने आले. भोवतालच्या गावांतून हवेच्या दुर्गंधीविषयी आणि विहिरींच्या पाण्याविषयी तक्रारी उठू लागल्या. कारखान्याचे सांडपाणी जेथे तळ्यात साठवितात, तेथे तळ्याचा तळ गळतो की नाही हे वरून दिसत नाही. म्हणून जवळपास निरीक्षण-विहिरी घेतात, त्यांतील पाणी तपासतात आणि अहवालात आकडे लिहितात. शेतकरी म्हणतो, “पाणी बदलले.” अहवाल म्हणतो, “मर्यादेत आहे.” दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसेल, असेही संभवते.

साक्षीदाराला न्यायालयात पहिला प्रश्न विचारतात तो हा, की घटनेच्या वेळी तू कोठे उभा होतास? विहिरीलाही प्रथम हेच विचारले पाहिजे. गावची आडविहीर जांभ्यातील उथळ पाण्यावर जगते. निरीक्षणाची कूपनलिका मात्र जांभ्यापुरता बंद नळ घालून खालच्या काळ्या पाषाणात खोल नेली असेल, तर ती निराळ्याच पाण्याची साक्ष देते. वरचे पाणी नासले तरी खालचे काही काळ निर्मळ राहू शकते. उलट, नळाभोवतीची पोकळी नीट बुजविली नसेल, तर तीच कूपनलिका वरची घाण खाली नेणारी वाट बनते.

दुसरा प्रश्न तुलनेचा. अमेरिकेत घातक कचऱ्याविषयीच्या १९८० सालच्या नियमांनी प्रवाहाच्या वरच्या अंगास निदान एक आणि खालच्या अंगास निदान तीन विहिरी सक्तीच्या केल्या. वरची विहीर सांगते, पाणी मुळात कसे होते. खालच्या सांगतात, पुढे त्याचे काय झाले. परंतु गळणाऱ्या तळ्याखाली पाण्याचा उंचवटा तयार होतो आणि तेथून पाणी चहूकडे पसरते. वरची विहीर तळ्याला अगदी खेटून असेल, तर तीही बाटते. मग दोन्हींचे आकडे सारखे येतात आणि सारखेपणालाच निर्दोषत्व समजण्यात येते.

पुढे शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात गेले की भूमीच बदलते. आपल्या घरांतील शहाबादी फरशी जेथून येते, त्या शहाबाद-सेडमच्या चुनखडकात पाणी भेगांतून व विरघळून झालेल्या पोकळ्यांतून धावते. तेथे विहीर भेगेपासून चार हात चुकली, तरी तिला काहीच कळत नाही. एका जागी योग्य ठरलेली मांडणी दुसऱ्या जागी जशीच्या तशी चालत नाही, ती यामुळे.

नमुना केव्हा व कसा घेतला, हेही पाहावयास हवे. नळात साचून राहिलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते. ताजे आलेले पाणीच खरे. भर पावसाळ्यानंतरचा एकच नमुना घेतला, तर पातळ झालेले दोष झाकले जातात, उन्हाळ्यातलाही हवा. आणि केवळ क्षार व कठीणपणा मोजून औषधांच्या कारखान्यातील द्रावकांचा पत्ता लागत नाही. जे शोधलेच नाही, ते “आढळले नाही” असे लिहिणे सोपे असते.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले. बिदर, भालकी व हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. माणसांच्या भाषा, नाती आणि कागदपत्रे त्या रेषेने विभागली. भूमीखालच्या पाण्याला मात्र ती रेषा ठाऊक नाही. त्याच्या साक्षीला आपण कोणत्या भाषेत लिहून घेतो, याला म्हणूनच महत्त्व आहे. अहवाल इंग्रजीत राहिला, तर ज्याची विहीर तो वाचकच त्याच्याबाहेर राहतो.

मला वाटते, निरीक्षणाच्या यादीत गावची एक तरी जुनी विहीर असावी. तळे भरण्यापूर्वीचे तिचे पाणी कसे होते, याची नोंद असावी. नमुना घेताना गावातील दोन माणसे हजर असावीत आणि निकाल कन्नडात व मराठीत चावडीवर लागावा. पाणी पिणाऱ्याच्या हाती त्याची पावती पडणे, एवढेच यात मागणे आहे.