सरड्याची धाव कुंपणापर्यंत



ही म्हण आपण सगळेच शिकवतो. ज्याची जेवढी कुवत तेवढीच त्याची मजल, असा अर्थ सांगतो, वाक्यात उपयोग करून घेतो आणि पुढच्या म्हणीकडे वळतो. यंदा चौथीतल्या एका मुलीने मध्येच विचारलं, "बाई, मग कुंपणाच्या पलीकडचा सरडा वेगळा असतो का?" वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही बरं का! सह्याद्रीत पाली-सरड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे काम केलं आहे, ते याच प्रश्नाचं उत्तर आहे.

महाराष्ट्राचा नकाशा काढा. कोल्हापूर जिल्ह्यातलं दाजीपूर शोधा. इथल्या जंगलातली एक इवलीशी पाल 2009 मध्ये 'निमास्पिस कोल्हापुरेन्सिस' या नावाने जगाला कळली. तिथून उत्तरेला आंबा घाट. तिथली 'निमास्पिस आंबा' आणि कोयनेची 'निमास्पिस कोयनाएन्सिस' या दोघींचं वर्णन 2019 मध्ये एकाच शोधनिबंधात आलं. आणखी वर कास, तिथली 'निमास्पिस गिरीई', 2014 ची. सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून तिचं नाव ठेवलंय. चार ठिकाणं, चार पाली आणि दाजीपूर ते कास सरळ रेषेत अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर!

असं का होतं? या पाली आपल्या घरातल्या पालीसारख्या नाहीत. त्या दिवसा फिरतात, त्यांची बाहुली गोल असते आणि भिंतीला चिकटायला लागणाऱ्या रुंद गाद्या त्यांच्या बोटांखाली नसतात. दरीतल्या सावलीचे ओलसर खडक आणि झाडांची खोडं हेच त्यांचं जग. एक दरी सोडून दुसरीत जायचं तर मध्ये तापलेला कातळ, उघडी शेतं, नदी. एवढासा जीव ते ओलांडणार कसा? लाखो वर्षं इकडची इकडे आणि तिकडची तिकडे राहिली, की दोघींत फरक पडत जातो. म्हणजे आपल्या म्हणीतलं कुंपण खरंच आहे, फक्त ते डोंगराएवढं आहे.

पेपरात 'नवीन पाल सापडली' अशी बातमी येते तेव्हा मुलांना वाटतं, ती आत्ताच जन्माला आली. मोठ्यांनाही वाटतं, खोटं कशाला बोला. पाल तिथेच होती, गावकऱ्यांनी ती हजारदा पाहिलेलीही असेल. नवीन असतं ते तिचं वर्णन. आणि हे वर्णन म्हणजे आपल्या निबंधातलं 'ती खूप सुंदर दिसते' नव्हे. ओठांवरचे खवले मोजायचे, पाठीवरचे पाहायचे, नराच्या मांडीखालची बारीक छिद्रं मोजायची. लांबी घ्यायची ती तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. शेपूट वेगळी मोजायची, कारण ती तुटते आणि पुन्हा उगवते, तिचा काय भरवसा! मग डीएनए तपासायचा, संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचं. शेवटी एक नमुना 'होलोटाइप' म्हणून संग्रहालयात कायमचा ठेवायचा, म्हणजे पुढे कुणाला शंका आली तर त्याच्याशी पडताळता येतं. हे सगळं छापून आलं की मगच नाव पक्कं होतं.

आता दरीतून वर पठारावर या. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. पावसाळ्याआधी तिथले नर सरडे दगडावर चढून गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतात. निळा, काळा, नारिंगी, काय रंग असतात! कुव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1829 मध्ये पुदुच्चेरीच्या नावावरून एका पंखावाल्या सरड्याचं नाव 'सिताना पाँटिसेरियाना' ठेवलं आणि पुढे दीर्घकाळ दूरदूरचे असे सरडे त्याच नावाखाली मोजले गेले. 2016 मध्ये एका अभ्यासगटाने ते वेगळे काढले, पाच नव्या जाती मांडल्या. चाळकेवाडीचा झाला 'सरडा सुपर्बा'. हो, बरोबर वाचलंत. नव्या प्रजातीगटाचं शास्त्रीय नावच 'सरडा' आहे, आपला मराठी शब्द! हे सांगितलं तेव्हा आमच्या वर्गात टाळ्या पडल्या.

नाव मिळाल्याने काय होतं, असं पालक विचारतात. 2018 मध्ये याच पठारावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, म्हणून सरडे जास्त. पण ते हडकुळे, रंगाने फिके, माणूस जवळ आला तरी लवकर न पळणारे. पठार कुणाला 'पडीक माळ' वाटत असेल, पण तिथे काय चाललंय हे कळायला आधी तिथे कोण राहतं ते माहीत हवं. आणि आपली मुलं तर सरडा दिसला की दगड उचलतात. तो अशुभ, तो विषारी, असं घरातूनच शिकून येतात. आपल्याकडचा एकही सरडा किंवा पाल विषारी नाही, हे कृपया घरी सांगा.

आमच्या वर्गात आता वर्णनलेखन असं चालतं. घरातली किंवा परसातली एक पाल नाहीतर सरडा ठरवायचा. पकडायचा नाही, हात लावायचा नाही, लांबून दहा मिनिटं पाहायचा. कुठे बसला, ऊन होतं की सावली, बोटं किती, शेपूट अंगापेक्षा लांब की आखूड, हे लिहायचं. 'सुंदर', 'भयानक', 'किळसवाणा' हे तीन शब्द बंद. मग वह्या अदलाबदल करायच्या आणि दुसऱ्याचं वर्णन वाचून चित्र काढायचं. चित्र चुकलं की भांडण चित्र काढणाऱ्याशी नाही, लिहिणाऱ्याशी! गेल्या आठवड्यात एकाने लिहून आणलं, "तिची शेपूट अर्धी जाड आणि अर्धी बारीक आहे, बारीक भागाचा रंग वेगळा आहे, ती पूर्वी तुटली असेल." आईने झाडूने हाकलायच्या आधी पाहिली म्हणे.