चाराचे दोन

गुरुवार म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीचा रविवार. मागच्या गुरुवारी मीही सुट्टी टाकली आणि भोसरीला दादाच्या (म्हणजे माझ्या मामेभावाच्या) वर्कशॉपमध्ये गेलो. दादा चाकणला जॉबवर्कचा माल देतो. त्याची तक्रार एकच, "अरे, कॉम्प्युटर चालू व्हायला पाच मिनिटं लागतात. लाईट गेली की संपलंच! टेम्पो भरून उभा, ड्रायव्हर बोंबलतोय आणि मला चलन छापता येत नाही. तिकडे गेटवर उशीर झाला की माल उद्यावर."

म्हटलं, बघू तरी. एमएसकॉन्फिग उघडलं, बूट टॅबवर गेलो, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स पाहिले. 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'वर टिक आणि पुढे आकडा २. मशीन मात्र चार कोअरचं!

"हे कोणी केलं?"

"पोराने. पण तूच सांगितलं होतंस ना, दोन केलं की फास्ट चालू होतो?"

बोंबला! सांगितलं होतं खरं. विस्टा नवीन होतं तेव्हा, म्हणजे २००७ च्या सुमारास, मी पहिला ड्युअल कोअर घेतला. कुठेतरी वाचून तिथे २ टाकले आणि मला अगदी फरक जाणवला. घड्याळ लावून बघायची बुद्धी काही झाली नाही. वर ज्याला त्याला हा सल्ला वाटत सुटलो.

खरं असं आहे की ही टिक नसते तेव्हा विंडोज सगळे कोअर आपणहून वापरतं. सुरुवातीला एकच प्रोसेसर जागा असतो, मग कर्नल बाकीच्यांना उठवतो. तो आकडा फक्त मर्यादा घालतो, चाचणीसाठी. दोनच्या मशीनवर २ टाकले तर काहीच होत नाही. चारच्या मशीनवर टाकले तर दोन कोअर दिवसभर बसून. नुसतं चालू होतानाच नाही, ड्रॉइंग उघडतानासुद्धा.

मग वेळ जातो कुठे? दादाला त्याच्याच भाषेत सांगितलं. चार लेथ आहेत, चार कामगार आहेत, पण बार काढून देणारा स्टोअरकीपर एकच आणि तोही म्हातारा. लेथ वाढवून काय उपयोग? हा म्हातारा म्हणजे हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. डोकं सरकायचं, मग हवी ती जागा फिरून यायची, असं एकेका वाचनाला साधारण १२ मिलिसेकंद जातात. सेकंदाला ऐंशीएक वाचनं झाली. चालू होताना छोट्या छोट्या फायली हजारोंनी लागतात, तोवर प्रोसेसर हात बांधून उभा. एसएसडीमध्ये फिरणारं काही नाहीच, हेच काम एक मिलिसेकंदाच्या आत होतं.

लाईट गेल्यावर जास्त वेळ का, तर विंडोज ८ पासून (२०१२) नीट बंद केलं की कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. लाईट अचानक गेली की ती लिहायची राहते, मग सगळं पहिल्यापासून.

या वेळी मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. आधी ४ मिनिटं ५० सेकंद. टिक काढून, ४ मिनिटं ४५ सेकंद. दादा माझ्याकडे बघत राहिला. मग चिंचवडहून एसएसडी आणली, जुनी डिस्क तिच्यावर उतरवली, स्टार्टअपमधला फालतू भरणा काढला. ४० सेकंद! एक छोटा यूपीएसही घ्यायला लावला.

चहा पिताना दादा म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं माझे दोन कामगार बसून होते आणि पगार चालू होता?"

काय बोलणार? चहाचे पैसे मी दिले.

असो. आता तेव्हा अजून कुणाकुणाला हा सल्ला दिला होता ते आठवतोय. दोघं आठवले, त्यांना फोन केला. तुमच्याही मशीनवर एखाद्या हुशार भावाने ती टिक केली असेल, तर एकदा काढून बघा. आणि हो, घड्याळ लावून!