घर पडलं, पट हलला

बोदवड तालुक्याचं नाव पेपरात येतं ते पाणीटंचाईमुळे. तरी आमच्याकडे घरं पडतात ती पावसानेच. जुनी घरं मातीची, धाब्याची. लाकडी सऱ्यांवर काड्यांचा थर, त्यावर माती. दर उन्हाळ्यात वर नवी माती टाकली तर धाबं टिकतं. घरधनी जिनिंगवर आणि बायको निंदणीला जात असली की एखाद्या वर्षी ते राहून जातं. मग भादव्यात झड लागते आणि भिंती फुगतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचं घर असंच रात्रीतून बसलं. माणसं पुढे पत्र्याखाली झोपली होती म्हणून वाचली. सकाळी आई शाळेत आली, पायाला अजून चिखल. "मॅडम, घर पडी गेलं. पोरायचं नाव काढा लागीन का?"

घराबद्दल तिने तेवढंच सांगितलं, बाकी सगळं नावाबद्दल विचारत होती. थोरली नववीत हायस्कूलला, मधली सहावीत आणि धाकटा तिसरीत आमच्याच जिल्हा परिषद शाळेत. कुटुंब मामाकडे जामठीला निघालं होतं. गावात घर नाही म्हणजे गावच्या शाळेत जागा नाही, असं तिने धरूनच ठेवलं होतं. तिला दोष कसा द्यावा? रेशनला, बँकेला, तहसीलला, जिथे जावं तिथे आधी पत्ताच विचारतात.

मी तिला सांगितलं, नाव काढायचं कारण नाही. आमच्या शाळांना हद्द नसते. ज्या गावात राहतो तिथलंच मूल घ्यायचं, असा नियम नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा तर उलट बाजूने बोलतो. मुलाला कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. जन्माचा पुरावा नाही, वर्ष अर्धं संपलं, ही कारणंही चालत नाहीत. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम, असं कलम 9 मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. केळीच्या आणि कपाशीच्या कामाला मध्य प्रदेशातून येणाऱ्या पावरा-बारेला कुटुंबांची मुलं आम्ही याच आधारावर बसवून घेतो. त्यांच्याकडे कागद असला तर तिकडचा समग्र आयडी, नाहीतर तोही नसतो.

पत्ता खरोखर मोजला जातो तो दुसरीकडे. खासगी शाळांतल्या 25 टक्के जागांच्या अर्जात घर नकाशावर दाखवावं लागतं आणि शाळेपासूनचं अंतर बघून नंबर लागतो. पडलेलं घर नकाशावर कुठे दाखवायचं, हा प्रश्न तिथे येतो. नवोदयला पाचवी त्याच जिल्ह्यात झालेली लागते. आमच्या या तिघांचा त्या दोन्हींशी संबंध नव्हता.

मधलीचं सोपं होतं. पाचवीपासून पुढे शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. मी बोनाफाईड लिहून दिलं, ती जामठीहून ये-जा करू लागली. तिसरीतल्या धाकट्याला मात्र ही सोय नाही. एवढ्या लहान पोराला एसटीने एकटं पाठवायला आईही तयार नव्हती. बहिणीबरोबर येईल म्हटलं तर त्याचं भाडं कोण भरणार?

इथे आपला कायदा मला तोकडा वाटतो. नव्या शाळेचं दार तो उघडतो, पण जुन्या शाळेत राहू इच्छिणाऱ्या मुलाला तिथवर आणत नाही. अमेरिकेत 1987 पासून बेघर मुलांसाठी मॅककिनी-व्हेंटो कायदा आहे. त्यात कागद नसले तरी प्रवेश लगेच आहेच, शिवाय मूल पूर्वीच्याच शाळेत राहू शकतं आणि त्याला ने-आण करण्याची जबाबदारी शिक्षण यंत्रणेवर येते. घर गेलं तरी बाक, बाई आणि शेजारी बसणारा मित्र तरी तेच राहावेत, एवढा साधा विचार. आमचा धाकटा जामठीला जायचं म्हटल्यावर रडला तो या मित्रासाठीच, घरासाठी नव्हे.

त्याचा दाखला मी त्याच दिवशी लिहिला. युडायस या ऑनलाइन नोंदीत त्याचं नाव शाळा सोडलेल्यांच्या ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं, पेन नंबर म्हणजे त्याचा कायमचा विद्यार्थी क्रमांक कागदावर लिहून आईच्या हातात दिला. सप्टेंबरात हे करताना कोणत्याही छोट्या शाळेचा हात जड होतो, हे कबूल करायला हवं. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, संचमान्यतेवर शिक्षकांची पदं. दाखले रेंगाळतात त्यामागे बऱ्याचदा हे गणित असतं, दुष्टपणा क्वचित.

सगळ्यात जड गेलं ते थोरलीचं. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच, वय चौदापर्यंत. नववीतल्या मुलीला त्याचं संरक्षण नाही. तिच्या हायस्कूलने थकलेल्या फीवर बोट ठेवलं, मामाच्या बाजूच्या हायस्कूलने दाखल्याशिवाय बसवून घेणार नाही म्हटलं. ती घरी बसली, मग आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागली.

मदतीचं म्हणाल तर तलाठी येऊन गेले होते. पूर्ण पडलेल्या घराला आपत्तीच्या निकषांत 1 लाख 20 हजार रुपये आहेत. पंचनामा मी वाचला. भिंती, छत, भांडी, धान्य, घर नमुना 8 ला कुणाच्या नावावर, सगळं होतं. शिकणारी मुलं किती आणि कुठे, हा रकाना नव्हता. तो असता तर थोरलीचं नाव कुणाच्या तरी टेबलावर गेलं असतं.

शेवटी जिनिंगच्या मुकादमाने उचल दिली, फी भरली गेली, दाखला निघाला. दिवाळीनंतर ती वर्गात बसली. गणितात मागे पडली, पण नववी निघाली.

घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव लागलं, तर कुटुंब गावात परत येईल. धाकट्याला मी परत मागणार आहे. पण त्याच्या नव्या बाईंनी मला आताच फोनवर सांगून ठेवलंय, "मॅडम, 30 सप्टेंबरच्या आधी नका हं मागू."