मियापूरला उतरा!

"एकदा हैदराबादला ने रे. गौळीगुड्याला उतरू, तिथून चालत विवेकवर्धिनी." आमच्या अण्णांचे हे पालुपद दोन वर्षे चालू होते. १९०७ साली केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांनी स्थापन केलेल्या या शाळेत अण्णा शिकले. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बिदर म्हैसूर राज्यात गेले, तरी आपल्या भागातली मुले हैदराबादलाच जात राहिली.

मी टाळत होतो. अण्णांचे गुडघे हे सांगायचे कारण. खरे कारण म्हणजे गौळीगुड्याचा तो अर्धगोल पत्र्याचा प्रचंड स्टँड. निजामाच्या काळात, १९३२ पासून तिथून बसगाड्या सुटत. तो ५ जुलै २०१८ रोजी कोसळला. आधीच रिकामा केला होता म्हणून कोणी दगावले नाही. ही बातमी मी अण्णांना सांगितलीच नव्हती.

शेवटी निघालो. बिदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर. रेल्वेही आहे, पण तिला विकाराबादचा वळसा; शिवाय अण्णांना बसच हवी. कर्नाटकात जून २०२३ पासून आणि तेलंगणात त्याच डिसेंबरपासून बायकांना साध्या बसचा प्रवास मोफत झाला. पण तेलंगणात तिथल्याच रहिवाशी बायकांना. सीमा ओलांडल्यावर आमच्या सौ.चे भालकीचे आधारकार्ड कामाचे नाही, हे तिला फार लागले.

आता वाचकांना माझा एकच सल्ला. झहीराबाद, संगारेड्डी, पटणचेरू करत गाडी शहरात शिरली की थेट इमलीबनपर्यंत बसून राहू नका. कुकटपल्ली-अमीरपेठच्या गर्दीत जीव जातो. मियापूरला उतरा आणि मेट्रो धरा. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती सुरू झाली. सप्टेंबर २०१८ पासून एल. बी. नगरची गाडी गाडी न बदलता कोठीपर्यंत नेते. स्टेशनचे नाव मात्र उस्मानिया मेडिकल कॉलेज. सरकत्या जिन्याची भीती वाटणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे. (अण्णांना वाटली नाही. मला वाटली.) चारमिनारला जायचे असेल तर पुढच्या एम.जी.बी.एस. स्टेशनवर उतरून ऑटो करावा. मेट्रो जुन्या शहरात अजून पोचलेली नाही.

गाडी नामपल्लीवरून जाऊ लागली तशी अण्णांची खिडकीतून मान वळेना. कंडक्टरशी ते कन्नड बोलले होते, माझ्याशी मराठी. खाली उतरल्यावर ऑटोवाल्याशी त्यांची दख्खनी सुरू झाली. "इत्ता नक्को मियाँ, वाजबी बोलो." साठ वर्षे कुठे ठेवली होती ही भाषा, कोण जाणे! वीस रुपये कमी झाले.

विवेकवर्धिनीच्या फाटकाशी ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आता गौळीगुडा." मला सांगणे भाग पडले.

"अरे, मी तेव्हाच पेपरात वाचले होते," अण्णा म्हणाले. "स्टँड कुठे बघायचा आहे? जागा बघायची आहे. पहिल्यांदा आलो तेव्हा वडील मला तिथे सोडून परत गेले होते."

गौळीगुड्यात ऑटो थांबवला. अण्णा उतरले नाहीत, आतूनच बघत राहिले. ऑटोवाल्याने मीटर बंद केला आणि काही बोलला नाही. मग मुशीचा पूल ओलांडून इमलीबनला आलो आणि बिदरची गाडी धरली. खिडकीची जागा अर्थातच अण्णांची.