क्लिअरवॉटरची चिमुकली होडी

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मेक्सिकोच्या आखाताकाठी, क्लिअरवॉटर हे शहर आहे. तेथील नावा बांधणारे कारागीर क्लार्क मिल्स यांच्याकडे १९४७ साली मेजर क्लिफर्ड मॅके यांनी एक मागणी केली: साध्या घरच्या मुलांनाही शर्यतीत उतरता यावे, अशी ५० डॉलरांच्या आत होणारी शिडाची होडी हवी. प्लायवुडचा तक्ता ८ फूटच लांब. म्हणून मिल्स यांनी निमुळत्या नाळेचा मोह सोडला आणि पुढचे टोक बोथट ठेवले. तीच ही पावणेआठ फुटी ‘ऑप्टिमिस्ट’. शर्यतीतील साऱ्या होड्या एकाच मापाच्या! मग कसोटी लागते ती वारा ओळखण्याची आणि सुकाणू सांभाळण्याची. वाचकहो, देवाने दिलेले गुण फुलण्यास लेकरांना अशी समान संधी हवी असते.